छडीची सावली

पहाटे पाच वाजता आधी त्याचा उजवा हात जागा व्हायचा आणि मग बाकीचा माणूस. बोटं आखडलेली, मनगट लाकडासारखं. अंथरुणात बसूनच तो डाव्या हाताने उजव्याचं एकेक बोट सरळ करायचा. मग चूल पेटवून पाणी कोमट करायचं आणि ते गार होईपर्यंत त्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसायचं. बायको कुशीवरूनच म्हणायची, "झाली का राजेसाहेबांची आंघोळ? आता प्रजेसाठी चहा टाका."

राजेसाहेब म्हणजे तो हात. घर त्या हातावर चालत होतं, त्यामुळे थट्टेत थोडा मानही होता.

सगळं शहर त्याला घड्याळ म्हणायचं. हे नाव सिनेमाच्या मालकाने दिलं. त्याआधी नऊ वर्षं तो एका छापखान्यात यंत्राचं मोठं चाक हाताने फिरवत होता. काय छापलं जातंय ते त्याला कधी कळलं नाही, कारण त्याला वाचता येत नव्हतं. चाक फिरवायला अक्षर लागत नाही. खांदा लागतो, आणि खांद्याहून जास्त लागतो तो एकसारखेपणा. चाक कधी हलकं, कधी जड फिरलं की शाई कुठे दाट, कुठे फिकी.

शहरात सिनेमा सुरू करायला निघालेला मालक जाहिराती छापून घ्यायला तिथे आला होता. खिशातलं घड्याळ काढून तो पाव तास या माणसाच्या चाकाकडे बघत उभा राहिला. मग छापखानेवाल्याला म्हणाला, "हा माणूस मला द्या."

"न्या की. पण जाताना चाकाला दुसरा बैल बांधून जा."

"बैल नव्हे हो. घड्याळ आहे हे."

सिनेमा म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. पुढच्या भिंतीवर ताणलेला पांढरा पडदा, मधे बाकं, मागच्या टोकाला पत्रा ठोकलेली खोली आणि त्या खोलीत यंत्र. बाकांवर बसलेल्याच्या कपड्यांत धान्याची धूळ जायची, पण तक्रार कुणी करत नसे. भिंतीवर माणसं चालताना बघायला मिळत होती. धूळ काय, घरातही असते.

त्या काळी चित्रं मुकी होती आणि यंत्राला मोटर नव्हती. हँडल हाताने फिरवायचं. सेकंदाला दोन फेरे. त्याहून हळू फिरवलं तर माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसतात, जोरात फिरवलं तर मुंग्यांसारखी पळतात. एका रिळाला दोन हजार फेरे, एका खेळाला सहा रिळं, दिवसाला तीन खेळ. छत्तीस हजार फेरे. मधेमधे डाव्या हाताने दिव्यातल्या कोळशाच्या कांड्या जवळ आणायच्या, नाहीतर उजेड मरतो. आणि थांबायचं नाही. फिल्म दिव्यासमोर थांबली की पेटते, ती पेटली की गोदाम पेटतं. शिंक आली तरी हात चालू. नाक खाजलं तर खाजू दे.

हे सगळं कुणाला दिसत नव्हतं. लोकांची पाठ त्याच्याकडे असायची आणि तोंडं मास्तरांकडे.

मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली तेव्हा मालकाने त्यांना धरून आणलं. चित्रांच्या मधे पाट्या यायच्या, कोण काय बोललं, पुढे काय झालं. निम्म्याहून जास्त लोकांना वाचता येत नव्हतं. म्हणून पडद्याच्या उजव्या बाजूला एका खोक्यावर उभे राहून, हातात लांब वेताची छडी घेऊन मास्तर सांगायचे. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीनेही मान डोलवावी. चोर आला की गोदाम श्वास धरायचं. मूल हरवलं की बायकांच्या पदरांची टोकं डोळ्यांशी जायची. रीळ बदलताना अंधार व्हायचा, तेव्हाही मास्तर बोलत राहायचे, त्यामुळे अंधार झालाय हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

घड्याळाला वाटायचं, मास्तर पाट्या वाचतात. सगळ्यांनाच तसं वाटायचं.

दोघांमध्ये एक ठराव होता. सांगणं लांबणार असलं की मास्तर छडी उंच करायचे. छडीचं टोक यंत्राच्या उजेडात शिरायचं आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक सावली पडायची. बघणाऱ्यांना ती दिसली तरी कळत नसे. घड्याळाला कळायची. ती दिसली की हात थोडा सैल सोडायचा, सेकंदाला पावणेदोन फेरे. सावली गेली की पुन्हा दोन. चार वर्षांत एकदाही चुकलं नाही. खेळ संपल्यावर मास्तर मागे येऊन म्हणायचे, "घड्याळा, आज चांगलं सांभाळून घेतलंस." एवढं एक वाक्य त्याला दिवसभर पुरायचं.

मग एके दिवशी त्याची बायको सिनेमा बघायला आली. त्यानेच हट्टाने आणली. पुराचं चित्र लागलं होतं. वाहून गेलेलं मूल शोधत आई नदीकाठाने धावते, होडीवाल्याच्या पाया पडते. घरी येईपर्यंत बायको बोलतच होती.

"काय वाचतात हो मास्तर! तो होडीवाला म्हणतो ना, 'बाई, होडीत जागा आहे, पण माझ्यात धीर नाही.' माझ्या अंगावर काटाच आला. आणि त्या बाईचा पाय चिखलात रुततो तेव्हा..."

"मग? आवडलं?"

"मास्तर म्हणजे मास्तरच. तुम्ही कुठे होतात?"

"मागे. खोलीत."

"तिथे काय करता?"

"हँडल फिरवतो."

बायकोच्या मनात वाईट काही नव्हतं. खरंच कळून घ्यायचं म्हणून तिने विचारलं, "एवढंच?"

छत्तीस हजार फेरे शब्दांत कसे सांगायचे? पण तो शब्द काट्यासारखा आत मोडला तो मोडलाच.

दुसऱ्या दिवशी मोठा बाजार होता. आसपासच्या गावांतून माणूस लोटला होता. मालक सकाळीच खोलीत आला. "घड्याळा, आज तीनाऐवजी चार खेळ बसव. जरा हात उचल. सेकंदाला अडीच फेऱ्यांनी चार बसतात, मी हिशेब केलाय."

मालक गेला आणि मास्तर आले. गळ्याला फडकं गुंडाळलेलं. "अरे, काल रात्रीपासून घसा धरलाय. त्यात चार खेळ. जरा सांभाळून घे हं आज."

"बघतो," तो म्हणाला. रोज तो 'हो' म्हणायचा.

पहिले तीन खेळ अडीच फेऱ्यांनी झाले. मास्तरांना शब्द आवरते घ्यावे लागले, पण त्यांनी निभावलं. तिसऱ्या खेळानंतर दारापाशी लोकांनी त्यांना घेरलं. एकाने त्यांचा हात धरला, एकाने चक्क खांद्यावर उचललं. घड्याळ खोलीच्या दारात उजवा हात चोळत उभा होता. एक माणूस त्याच्याजवळ येऊन म्हणाला, "ए, बाजूला हो की, मास्तर दिसत नाहीत."

तो बाजूला झाला.

चौथा खेळ संध्याकाळी सहाला सुरू झाला. होडीचा प्रसंग चौथ्या रिळात होता. आई काठावर आली, पाटी आली, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सावली पडली. बारीक, सरळ, नेहमीसारखी. त्याने ती पाहिली. नीट पाहिली. आणि हाताला वेग दिला. सेकंदाला तीन फेरे.

मालकाच्या हिशेबाला अडीच पुरत होते. वरचा अर्धा फेरा त्याचा स्वतःचा होता.

पडद्यावरची आई कोंबडीसारखी तुरुतुरु पळायला लागली. होडीवाल्याने टाळ्या वाजवाव्यात तसे हात जोडले. कुणीतरी फिसकन हसलं. मग बाकंच्या बाकं हसायला लागली. मास्तरांनी छडी आणखी उंच केली, सावली पडद्याच्या मध्यापर्यंत आली, थरथरली. हात तीनवरच राहिला. मास्तर हसण्याच्या वर आवाज चढवून सांगायला लागले, गोदामभर ओरडायला लागले, पोर हरवलेल्या बाईला हसू नका असं जणू विनवायला लागले. लोक थोडे गप्प झाले, आणि त्याच क्षणी जाड कापड टर्रकन फाटावं तसा आवाज आला. त्यानंतर मास्तरांचं तोंड हलत होतं. ऐकू काही येत नव्हतं.

घड्याळाने हात दोनवर आणला. थांबवता येत नव्हता. थांबवला तर गोदाम पेटलं असतं. उरलेली दोन रिळं त्याने अगदी एकसारखी फिरवली, आयुष्यात फिरवली नसतील इतकी एकसारखी, आणि मास्तर खोक्यावर छडी खाली धरून उभे राहिले.

डॉक्टर म्हणाले, आत काहीतरी फाटलंय, त्याला टाके घालता येत नाहीत. महिनाभराने आवाज परतला तो कुजबुजीपुरता. हातभर अंतरावरून ऐकू यावी इतकी कुजबूज. त्याच्यावर गोदाम भरत नाही.

सगळ्यांनी दोष घशाला दिला. कुणी म्हणालं, चार खेळ झेपले नाहीत. कुणी म्हणालं, ओरडून सांगायची सवयच वाईट. हँडलला कुणी काही विचारलं नाही. हँडलही बोलतं हे कुणाला माहीतच नव्हतं.

मालकाने दुसरा सांगणारा आणला नाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी शेजाऱ्याला वाचून दाखवावं, असं ठरलं. पाटी आली की गोदामात मधमाश्यांसारखी गुणगुण उठायची. वर मालक घड्याळाला म्हणाला, "त्या दिवशी चार खेळ तू बसवलेस. माझ्या लक्षात आहे." आणि पगार वाढवला.

खाई त्याला खवखवे. वाढलेला पगार हातात पडला तो त्याला खर्चवेना. पहिल्या महिन्याची वाढ फडक्यात बांधून तो मास्तरांच्या घरी गेला. दार उघडलं मास्तरांच्या थोरल्या बहिणीने. तिला सगळे अक्का म्हणायचे. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. घर अक्काच चालवायची, आणि तिची जीभ मास्तरांच्या छडीपेक्षा लांब होती.

"हे काय?"

"मास्तरांसाठी. औषधाला."

"मास्तर आजारी आहेत, भिकारी नाहीत. तुमचा जीव मोठा आहे, दिसतंय. पण फडकं घरी न्या, बायकोला होईल."

तो परतला. आठ दिवस विचार केला आणि पुन्हा गेला. या वेळी फडकं नव्हतं, काखेत नवी पाटी होती.

"मास्तर, मला वाचायला शिकवा. फी देईन."

मास्तर खुर्चीत बसले होते. छडी कोपऱ्यात उभी होती. ते हसले, आवाज न करता. मग जवळ वाकून कुजबुजले, "तुला कशाला रे या वयात?"

"नऊ वर्षं छापखान्यात चाक फिरवलं. काय छापत होतो ते तरी कळू दे."

हे खोटं नव्हतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं होतं. अक्काने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "सात वाजता यायचं. उशीर झाला तर दार बंद. फी महिन्याच्या पहिल्या तारखेला."

आता पाच वाजता उठून, हात भिजवून, चहा टाकून तो पावणेसातला घरातून निघायला लागला. नवे कपडे नाहीत, वाढलेला पगार घरात दिसत नाही. बायको किती दिवस गप्प बसणार?

"वाढलेले पैसे जातात कुठे? बाई ठेवलीत की काय?"

"मास्तर ठेवलेत."

"काय?"

"शिकवणी. वाचायला शिकतोय."

बायकोने कपाळावर हात मारला. "घ्या! घोडं म्हातारं झालं आणि आता नाल ठोकून घेतंय." पण दुसऱ्या दिवशी तिनेच त्याची पाटी ओल्या फडक्याने पुसून दाराशी ठेवली.

शिकणं हँडलपेक्षा जड गेलं. त्याच्या हाताला फेरा माहीत होता, वळण माहीत नव्हतं. पहिलं अक्षर काढताना त्याने तीन पेन्सिली मोडल्या. मास्तर अगदी शेजारी बसायचे, कारण दूर बसलं तर ऐकू येत नसे. त्यांच्या तोंडाला औषधी काढ्याचा वास यायचा. छडी आता अक्षरांवरून फिरायची.

सहाव्या की सातव्या दिवशी मास्तर मधेच थांबले. म्हणाले, "त्या दिवशीचं मनातून जात नाही, घड्याळा. चूक माझीच."

त्याने पाटी पुसायला घेतली.

"छडी वर गेलीच नसणार. खांदा भरून आला होता. मला वाटलं, मी उंच धरलीय. पण सावली पडली असती तर तू हात सोडला असतास. चार वर्षांत तू कधी चुकला नाहीस. माझाच हात फसला."

सांगायची वेळ ती होती. ओठ उघडलेसुद्धा. आतून अक्काचा भांडी लावतानाचा आवाज येत होता. त्याला वाटलं, सांगितलं तर शिकवणी बंद, फी बंद, या घरात जाणारा पैसा बंद. हे त्याने स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण साधं होतं. भीती वाटली.

"हे अक्षर कोणतं, मास्तर?" त्याने विचारलं.

संध्याकाळी हँडल धरलं तेव्हा हात दोन फेऱ्यांवर बसेना. पहिली चूक रागाच्या भरात झाली होती, एका रिळापुरती. ही दुसरी थंड डोक्याने झाली, आणि ती रोज नव्याने व्हायला लागली. कारण मास्तर आता सकाळी खिडकीत उभे राहून उजवा हात खांद्याच्या वर नेऊन बघायचे, किती जातो ते. अक्का ओरडायची, "अरे, घसा गेला, आता खांदा तरी ठेव!" आणि तो दारात उभा राहून हे बघायचा.

शब्द जुळायला लागले तेव्हा त्याला एक खोड लागली. पहिलं अक्षर बघून पुढचं ओळखायचं आणि पळायचं. असाच एकदा पळत होता. खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं. मास्तरांनी काही न बोलता छडी उचलली, आणि पाटीच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक सरळ सावली पडली.

त्याचं वाचणं तिथेच तुटलं.

"हळू," मास्तर कुजबुजले. "विसरलास होय आपली खूण?"

तो विसरला नव्हता. त्या दिवसापासून त्याने एकही शब्द ओळखून वाचला नाही, प्रत्येक अक्षराला थांबून वाचला. मास्तरांना वाटलं, विद्यार्थी सुधारला.

दीड वर्ष गेलं. पुराचं चित्र फिरत फिरत पुन्हा आलं. पहिल्या खेळाला तो खोलीच्या झरोक्यातून बघत होता. आता त्याला पाट्या वाचता येत होत्या. चौथं रीळ लागलं, आई काठावर आली, पाटी आली. त्याने वाचली.

'आई रात्रभर शोधत राहिली.'

एवढंच. होडीवाल्याची पाटी येईल म्हणून तो थांबला. ती आलीच नाही. होडीत जागा आहे पण माझ्यात धीर नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चिखलात रुतलेल्या पायाबद्दल एक अक्षर नव्हतं. खाली लोकांनी पाटी वाचून शेजाऱ्याला सांगितली, शेजाऱ्याने 'बरं' म्हटलं, आणि आई निघून गेली. कुणाचा पदर डोळ्यांशी गेला नाही.

इतकी वर्षं त्याला वाटत होतं, मास्तर वाचतात आणि मिरवायला म्हणून लांबवतात. मास्तर वाचत नव्हतेच. लिहिलेलं नव्हतं ते आणत होते, तिथल्या तिथे, उभ्या उभ्या. त्याला वेळ लागतो. तेवढाच वेळ ते छडी वर करून मागत होते.

घरी त्याने बायकोला सांगितलं, "तो होडीवाला. त्याचं ते वाक्य पाटीवर नाही."

"नाही कसं? मी या कानांनी ऐकलंय."

"मास्तरांनी केलेलं होतं. पदरचं."

"अगबाई!" ती भारावून म्हणाली. "मग ते गेलं म्हणायचं त्यांच्याबरोबरच."

त्यावर त्याला राहवलं नाही. सगळं सांगितलं. सावली, अडीच, वरचा अर्धा फेरा. तिचा तो शब्दही सांगितला.

बायकोच्या हातातलं काम तसंच राहिलं. "माझ्या बोलण्यावरून?"

"बोलणं तुझं. हात माझा."

ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? घसा माझा गेला का? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

मास्तरांनी त्याच आठवड्यात गृहपाठ दिला होता, मनाने एक वाक्य लिहून आण. चार दिवस तो 'आज ऊन आहे' असंच काहीतरी लिहून नेत होता आणि मास्तर पुसत होते. "हे खिडकी सांगते. तू काय सांगतोस?" पाचव्या दिवशी पहाटे पाचला उठून त्याने हात भिजवला, पुसला आणि लिहायला बसला. चहा त्या दिवशी बायकोने टाकला.

सात वाजता त्याने पाटी मास्तरांच्या मांडीवर ठेवली. लिहिलं होतं, 'सावली दिसली होती. हात मी मुद्दाम पळवला.'

मास्तरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. तोंडावर काही दिसलं नाही. पाटी त्यांनी त्याच्याकडे परत दिली.

"वाच," ते कुजबुजले.

त्याने खालमानेने वाचलं.

"ऐकू आलं नाही."

त्याने जरा मोठ्याने वाचलं. आत भांड्यांचा आवाज थांबला.

"शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे."

तो उभा राहिला. पाटी दोन्ही हातांनी समोर धरली आणि छाती भरून, ओरडून वाचलं. आवाज चिरकला. अक्का हात पुसत दाराशी आली होती. बाहेरून जाणारा कुणी एक माणूस खिडकीपाशी थबकला आणि पुढे गेला.

मग मास्तर म्हणाले, "सावली पडली होती?"

"हो."

"नीट?"

"नीट. नेहमीसारखी. नंतर पार मध्यापर्यंत आली होती."

मास्तरांनी आपल्या उजव्या खांद्यावर डावा हात ठेवला. "दीड वर्ष मी याला शिव्या घालतोय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले. राग होता की सुटका, ते त्याला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क त्याला नव्हता.

बोलली ती अक्का. आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. "तू," ती म्हणाली, "तू या घरात बसून चहा प्यायलास. दीड वर्ष."

"हो, अक्का."

"याने रोज खांदा वर करून बघितला, तू बघत होतास."

"हो."

"ऊठ आणि चालता हो."

त्याने पाटी उचलली. दारापर्यंत गेला तेव्हा मागून छडी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मास्तरांना ओरडून बोलावता येत नव्हतं. तो वळला. मास्तरांनी बोटाने जवळ बोलावलं. तो वाकला.

"उद्या सातला ये. दुसरं वाक्य आण. माफी मागायची नाही त्यात, ती कुणीही लिहितं."

अक्काने ऐकलं नाही, पण ओळखलं. भावाकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि घड्याळाला म्हणाली, "फी दुप्पट."

"देईन."

"आणि चहा नाही."

चहा खरंच मिळाला नाही. पुढे कधीच नाही. तो सातला जायचा, वाक्य दाखवायचा, मास्तर ते पुसून पुढचं मागायचे. त्यांनी माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही. पण खिडकीत उभं राहून हात उचलून बघणं बंद झालं. ते त्याने पहिल्याच आठवड्यात टिपलं. काही ठिकाणी खरं सांगण्याचा परिणाम लगेच दिसतो.

चार वर्षांनी यंत्राला मोटर बसली. मालकाने हँडल काढून कोपऱ्यात टाकलं आणि घड्याळाला दाराशी तिकिटं फाडायला उभं केलं. पगार कमी झाला. फी दुप्पटच राहिली. बायकोने कुरकुर केली नाही. ती म्हणायची, "एवढंच?" आणि दोघं हसायची, पण फार मोठ्याने नाही.

त्या दुप्पट फीचं अक्का काय करायची ते त्याने कधी विचारलं नाही. एका सकाळी तो गेला तर दारात सुतार बसला होता. अक्काने तेच पैसे साठवले होते, आणि खोलीत एक बाक करायचा होता. शेजारपाजारची आणखी माणसं शिकायला यायची म्हणत होती. प्रौढ माणसं, हमाल, धोबी, एक म्हातारी.

"केवढा करू?" सुताराने विचारलं.

मास्तर खुर्चीत बसले. घड्याळाला समोर बसवलं आणि एक वाक्य म्हणायला लागले, तेच पुन्हा पुन्हा, नेहमीच्या कुजबुजीत. घड्याळ बाजूला बाजूला सरकत गेला. एका जागी त्याला शब्द ऐकू येईनासा झाला. तो हात वर करून थांबला, आणि सुताराने तिथे जमिनीवर खडूची रेघ मारली. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

बाक आखूडच झाला. त्यावर तीन माणसं बसतात, चौथ्याला ऐकू येत नाही. लाकूड चांगलं आहे, खिळे आत बसवलेले आहेत, कुठे टोचत नाही. तो बाक घड्याळाच्या हाताच्या मजुरीचा आहे.